पिण्यास योग्य

आमच्या प्रयोगशाळेत एखादी बाई पाणी प्यायली की स्वच्छतागृहाकडे जाणारा पॅसेज लांबतो. एका घोटाला एक फरशी. पूर्वी पॅसेजच्या टोकाचे हिरवे दार माझ्या टेबलावरून दिसायचे. आता तिथे भर दुपारीही फक्त एक करडा ठिपका असतो, आणि तो ठिपका म्हणजे दारच आहे याची मी खात्री देणार नाही.

जिल्ह्यातल्या विहिरींचे, हातपंपांचे, टाक्यांचे पाणी आमच्याकडे तपासायला येते. आम्ही क्षार, गढूळपणा आणि जंतू बघतो, आणि चांगल्या नमुन्याच्या बाटलीवर ‘पिण्यास योग्य’ अशी चिठ्ठी लावतो. अशा बाटल्यांनी आमच्या खोलीची मागची भिंत छतापर्यंत भरली आहे. ते पाणी कोणी पीत नाही. आम्ही तिघी तर नाहीच. मी, जंतूंचे काम बघणारी रुबिना शेख, आणि आमच्यात सर्वांत जुन्या इंदूताई शेटे. साहेबांच्या केबिनला आतून वेगळे स्वच्छतागृह आहे. ते काचेपलीकडे दिवसभर पितात आणि त्यांच्या बाजूचे काही लांबत नाही.

बाहेरून कोणी आले की आधी पाणी समोर येते, आणि पाहुण्याबरोबर आपल्यालाही भांडे उचलावे लागते. आम्ही भांडे ओठांना लावतो, गळा हलवतो आणि भरलेले भांडे खाली ठेवतो. हे इंदूताईंनी शिकवले. सुरुवातीला माझा गळा हलत नसे.

“गिळल्यासारखं करायचं, गिळायचं नाही,” त्या म्हणाल्या. “चार दिवस सासरी राहिली असतीस तर आपोआप आलं असतं.”

न पिण्याचे काय होते ते मला ठाऊक आहे. मोठे आतडे उरलेल्या अन्नातून पाणी ओढून घेते. वरून पाणी आले नाही तरी त्याचे ओढणे थांबत नाही, आणि मग जे राहते ते जागचे हलत नाही. आम्हा तिघींच्या पोटात असे बरेच साठले होते. जिना चढताना आमच्यातून वाळलेल्या शेंगांसारखा आवाज यायचा. इंदूताईंचा सर्वांत मोठा होता. जेवणाच्या सुट्टीत डब्यांच्या आधी औषधे उघडली जात. रुबिना काळ्या मनुका आणायची, मी त्रिफळा, इंदूताई इसबगोल. इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यायचा असतो. त्या तो चमच्याने कोरडाच खात.

“ताई, असा तो आत अडकून बसेल,” मी एकदा म्हणाले.

“बसू दे. आतापर्यंत मीच सगळ्यांना जागा दिली आहे.”

त्यानंतर काही दिवसांनी, जेवता जेवता, इंदूताईंनी चमचा मेथीच्या भाजीवर ठेवला. “आलेच गं,” असे म्हणून त्या पॅसेजमध्ये शिरल्या. त्यांचा खुळखुळाट लांब लांब जाताना ऐकू येत होता. मग तो एका जागी थांबला. ऑफिस सुटायची वेळ झाली तरी डबा तसाच उघडा होता. मी पॅसेजच्या तोंडाशी जाऊन हाक मारली.

“आहे, आहे,” इंदूताई फार लांबून म्हणाल्या. “पुढे सरकत नाहीये. मागेही येता येत नाही. तुम्ही निघा, तुमची बस जाईल.”

दुसऱ्या दिवशी त्या नुसत्या “आहे” म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी शब्द नव्हता, फक्त शेंग हलल्यासारखा आवाज होता. मी आत जाऊन पाहिले. थोडे पुढे गेले तशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. हाताच्या कातडीला सुरकुत्या पडल्या आणि पापण्या मिटल्या त्या उघडेनात. मी भिंत चाचपडत उलटी बाहेर आले. माझे वजन कमी झाले होते, हे साडी सैल झाल्यावरून कळले.

तरीही पॅसेज रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा लांब असायचा. म्हणजे कोणीतरी पीत होते. पॅसेजच्या तोंडाशी तिवईवर माठ आहे. त्यातले पाणीही रोज सकाळी चार बोटे उतरलेले असे. इंदूताई आत होत्या आणि मी पीत नव्हते. मी रुबिनाकडे लक्ष ठेवायला लागले. तिचे ओठ फुटलेले नव्हते.

“काय बघताय?” तिने विचारले.

“काही नाही.”

“ओठ बघताय माझे.”

“काय लावतेस?”

“तूप.”

“रोज?”

“मॅडम, मला बाटलीत भरून चिठ्ठी लावा ना एकदाची.” मग तिने माझे ओठ पाहिले. “परवापासून तुमचा आवाज येत नाही जिन्यावर.”

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाय आपटत जिना चढले. ती वर उभी राहून ऐकत होती.

साहेब केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनी आमचे दोघींचे गळे पाहिले.

“तुमच्यातली एक जण पीत असणार,” ते म्हणाले. “मला नाव नको. पण पॅसेज सरकारी आहे.”

जाताना त्यांनी माठ काठोकाठ भरायला सांगितला. ते त्यांनी का सांगितले, याचा मी घरी जाईपर्यंत विचार केला.

जमिनीखालची गळती कुठे आहे ते कळत नसेल तर पाण्यात रंग सोडतात आणि तो कुठे निघतो ते बघतात. मी घरी बीट किसून रस पिळला आणि सकाळी सर्वांच्या आधी येऊन तो माठात मिसळला. माठाच्या काळोखात तो दिसत नव्हता. पुढच्या सकाळी पाणी चार बोटे उतरले होते.

“जीभ दाखव,” मी रुबिनाला म्हणाले.

“आधी तुम्ही.”

आम्ही एकदमच दाखवल्या. दोन्ही पांढऱ्या होत्या, मधोमध चिरलेल्या. साहेब काचेपलीकडून आमच्याकडे बघून हसले. त्यांची जीभ नेहमीसारखी होती. रुबिनाने माझ्या खांद्यावरून मागे बघितले आणि जीभ आत घ्यायची राहून गेली.

माठाशेजारची पॅसेजची भिंत गुलाबी झाली होती. तिवईपाशी रंग गडद होता आणि आत जाता जाता फिका होत संपत होता. मी हात लावला. भिंत तेवढ्याच भागात ओली होती, आणि कोमट. चुन्याखाली बारीक घड्या होत्या, एकीवर एक. आतड्याच्या अशाच घड्या मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. तेव्हा त्या हलत नव्हत्या.

एका घोटाला एक फरशी, हे बरोबरच होते. घोट आमचे नव्हते.

आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. मी सांगितले की पॅसेजला पाणी कमी पडते आहे, म्हणून तो मिळेल तिथून ओढतो आहे, आणि आता इंदूताईंमधून ओढतो आहे.

“म्हणजे तुंबलाय,” साहेब म्हणाले. “आमच्या घरी यावर इसबगोल.”

दुपारी पोती आली. हमालांनी ती पॅसेजच्या तोंडाशी फोडली आणि लांब दांड्याच्या फावड्यांनी इसबगोल आत लोटला. तो भुरभुरत करड्या ठिपक्यापर्यंत गेला.

“साहेब, आणि पाणी?” मी विचारले.

“आधी मोकळा होऊ दे. मग पाण्याचं बघू.”

“आत इंदूताई आहेत.”

“त्यांनाही उपयोगच होईल.”

ते केबिनमध्ये गेले. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

कोरडा इसबगोल जिथून मिळेल तिथून पाणी घेतो. थोड्याच वेळात भिंतीचा गुलाबी रंग गेला. माठ बाहेरून घामेजलेला असतो, तो कोरडा पडला. मी हाक मारली. शेंगेचा आवाज आला, पण इतका बारीक की तो एका दाण्याचा असावा.

मी मागच्या भिंतीकडे वळले. रुबिना आधीच तिथे उभी होती.

“ते नमुने आहेत,” ती म्हणाली.

“पिण्यास योग्य आहेत.”

“साहेब विचारतील.”

“विचारू देत.”

तिने एक बाटली काढली आणि उजेडात धरली. “मॅडम, पाणी सोडल्यावर इंदूताई कुठल्या बाजूला येणार?”

मला उत्तर ठाऊक होते. असल्या पॅसेजात गोष्टी एकाच बाजूला जातात. मी तिला म्हणाले, “आधी पिऊन घे.”

तिने बूच काढले. मग आम्ही एकमेकींचा गळा बघत एक-एक बाटली संपवली. या वेळी गळा खराच हलला. पाणी खाली उतरताना आम्हा दोघींना ऐकू येत होते. माझ्या पोटात काहीतरी सैल झाले आणि जागा बदलून बसले. तिच्यातला खुळखुळाट मऊ झाला आणि थांबला.

मग आम्ही भिंत रिकामी करायला घेतली. चिठ्ठ्या न वाचता बुचे काढून आम्ही बाटल्या पॅसेजमध्ये ओतल्या. पांढरा भुसा फुगला, चकाकला आणि बुळबुळीत होऊन फरशीभर पसरला. भिंतींच्या घड्या सुटल्या. आतून, पुष्कळ दिवसांनी, इंदूताईंचा स्वच्छ आवाज आला.

“अगं, हललं.”

“कुठल्या बाजूला, ताई?” रुबिना ओरडली.

“पुढे. बरं वाटतंय. ओतत राहा.”

आम्ही ओतत राहिलो. केबिनच्या काचेतून साहेब बघत होते. त्यांच्या ओठांना पेला होता आणि गळा हलत होता. मी बाटल्या ओतता ओतता त्यांच्या पेल्याकडे पाहत होते. त्यातले पाणी उतरत नव्हते.

“दार दिसतंय का?” मी आत विचारले.

“दिसतंय.”

“हिरवं आहे?”

“अगं, ते दार नाही,” इंदूताई म्हणाल्या. त्यानंतर पाण्याचाच आवाज राहिला.

आमच्या मागे काचेला काच लागली. मी वळून पाहिले. उरलेल्या बाटल्यांची मांडणी आमच्याकडे सरकत होती, तिच्या मागे खोलीची भिंत होती, आणि भिंतीच्या चुन्याखाली घड्या होत्या. रुबिनाने माझा हात धरला. तिचा हात ओला होता. आमच्या पायाखालची फरशी पुढे निघाली, आणि इंदूताईंचा उघडा डबा, मेथीवरच्या चमच्यासकट, आमच्या शेजारून आमच्या आधी आत गेला.