चमचाभर कैलास

"लिंगपूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंबही घशाखाली जाऊ द्यायचा न्हाई," असं सासूनं लग्नाच्या सालीच बजावलं होतं. भागम्मानं ते वीस वर्षं पाळलं. म्हणून मन्नाएखेळ्ळीच्या वडाखाली सारं गाव नव्यानं आलेल्या बाबाचं तीर्थ पिऊन नाचायला लागलं, तेव्हा तिनं आपल्या वाट्याचं तीर्थ पूजेनंतर घ्यायला गडूत ओतून ठेवलं.

बाबा मोठा बोलका. मन निर्मळ असेल त्याला चमचाभर तीर्थात कैलास दिसतो म्हणे, मळकं असेल त्याला नुसती चक्कर येते. मग चक्कर आली असं सांगणार कोण? कोरड्या ओठांनी जो तो नंदी मोजायला लागला.

तिचा नवरा तिप्पण्णा उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचा. त्यानंही तीर्थ घेतलं आणि मोटार हाकली. तासाभरात समोरून शंकराचा रथ आला, म्हणून वाट द्यायला त्यानं मोटार थेट तुरीच्या रानात घातली. मोटारीत बसलेल्या गावच्या म्हाताऱ्या गंगम्माचा हात मोडला. पोलिसांनी लिहिलं, गांजाच्या नशेत मोटार हाकली. आता परवाना जाणार, वर सहा महिन्यांची कैद.

चावडीवर भागम्मानं नवऱ्याचे डोळे पाहिले. गांजानं डोळे लाल होतात, पण याच्या बाहुल्या कामून एवढ्या फाकल्या? ती गडू घेऊन डॉक्टरांकडे गेली.

गुलबर्ग्याच्या कोर्टात बाबा सरकारी साक्षीदार होता. तीर्थानं मुंगीलाही बाधा होत नाही, असं त्यानं शपथेवर सांगितलं. तेव्हा तिप्पण्णाचे वकील अंकुशराव यांनी मुन्सफसाहेबांची परवानगी काढली आणि डॉक्टरांनी दवाखान्यातून आणलेल्या मांजरीच्या डाव्या डोळ्यात गडूतला एक थेंब सोडला. अर्ध्या तासानं तिला खिडकीशी धरलं. उजवी बाहुली उन्हानं रेघेएवढी झालेली, डावी काळीभोर वाटोळी.

"धोतऱ्याचं बी," डॉक्टर म्हणाले. "पोटात गेलं की घसा सुकतो आणि माणसाला नाही ते दिसतं."

"मांजरीला दर्शन होतंय," बाबा म्हणाला.

भागम्मा हात जोडून उभी राहिली. "महाराज, तुमचं मन तर तिच्याहून निर्मळ. गडूत उरलंय, घ्या तुम्ही."

बाबानं तोंड फिरवलं. "आज माझा उपास हाय."

कोर्ट हसलं. तिप्पण्णा सुटला, बाबाला शिपायांनी बसवून घेतलं.

परतताना तिप्पण्णानं हळूच विचारलं, "मग मला शंकर दिसलाच न्हाई, व्हय?"

"न्हाई. मी रोज लिंग हातात घेते, मला कधी रथ दिसला न्हाई, म्हणून पूजा सोडली का? तोंडात घालतो त्यात काय हाय, हे विचारलं तर देव रागावत न्हाई. रागावतो तो बाबा."

मोटारीतून उतरून भागम्मानं पदर खोचला आणि ती गंगम्माच्या घराकडे वळली. हात बरा होईतो तिच्या भाकरी थापायचा शब्द दिला होता.