शेवटचं कडवं

आमच्या गायनपार्टीच्या कॅसेटवर नाव छापलं भीमरावचं, कारण पेटी त्याची होती. गाणं मात्र माझं. बिबवेवाडीत चार घरची धुणीभांडी करता करता जुळवलेलं. म्हणून शेवटच्या कडव्यात मी माझं नाव गुंफलं, सगळेच गुंफतात तसं: 'शकू म्हणे बायांनो, आता मान खाली घालू नका.' ते कडवं सोडलं, तर गाणं माझं असल्याचा दुसरा पुरावा नाही.

यंदा आयुषने त्याच गाण्याचा रिमिक्स केला. आयुष म्हणजे शेजारच्या नंदाचा मुलगा, डीजे आहे. दणका असा, की मांडणीवरची भांडी वाजली. मला आवडला हो! खोटं कशाला बोलू? पण दोन कडवी झाली, धाडधाड वाजलं आणि गाणं खलास.

"माझं नाव कुठंय रे?"

"काकू, शेवटचं कडवं स्लो आहे. पब्लिक थंड पडतं."

"म्हणून मला कापलंस?"

"नाव कोण ऐकतंय, काकू?"

असं म्हणाला मेला! डोकंच फिरलं माझं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्याची गाडी चौकात आली. तेच गाणं, पोरंपोरी बेभान. जिथे गाणं तोडलं होतं, तिथे मी या दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीवर चढले आणि माइक हिसकावला.

"थांबा! गाणं संपलेलं नाही अजून."

कडवं सुरू केलं. अर्ध्या ओळीत आयुषने माइक बंद केला.

बंद तर बंद. माइक त्याच्यापुढे टाकून दिला. आम्ही वस्तीवस्तीत गायलो, तेव्हा माइक असायचाच असं कुठे होतं? तशीच गात राहिले. खालून शिट्ट्या आल्या. "आजी, उतरा की," कुणीतरी ओरडलं. घसा फाटायला आला, पण उतरते कशाला!

तेवढ्यात खालून कुणीतरी ओळ उचलली. बघते तर नंदा, आयुषची आई. दरवर्षी जयंतीला ऐकून ऐकून तिला कडवं पाठ होतं. मग तिच्या शेजारची, मग कडेला उभ्या सगळ्याच बाया. 'शकू म्हणे बायांनो...' चौक दणाणला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आयुषने गुपचूप माइक चालू केला आणि माझ्यापुढे धरला.

"माझ्यापुढे नको," मी म्हटलं. "त्यांच्याकडे फिरव. आणि रेकॉर्ड कर."