साहेबाच्या आवाजात

रितेश बँकॉकला गेल्यापासून पोलादपूरजवळच्या एका वाडीत त्याचंच नाव चाललं होतं. कॉम्प्युटरवर बसून काम, राहणं-खाणं फुकट. दर रविवारी तो आईला, सुंदराबाईला, व्हिडिओ कॉल करायचा. "बरा हाय मी," एवढं म्हणून झालं की शेजारच्या ओंकारला बोलवायला लावायचा. "ये रे तू पण. जागा हायत. महाडच्या एजंटला भेट."

ओंकारचा पासपोर्ट झाला, तिकीटही आलं. खटकत होतं ते फक्त त्याच्या थोरल्या बहिणीला, स्नेहलला. बोलता बोलता रितेश सारखा एका बाजूला बघायचा, कुणाला तरी विचारून बोलत असल्यासारखा. तिनं तसं बोलून दाखवलं, तर ओंकार भडकला. "तुला माझं बरं झालेलं बघवत नाय गो."

ओंकार निघायच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी अंगणवाडी बंद करून स्नेहल घरी आली आणि भात टाकला, तोच अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर माणूस नव्हता, पोलिसांचं नुसतं चिन्ह होतं.

"स्नेहल उतेकर? मुंबई पोलीस. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुम्ही अटकेत आहात. दार लावून घ्या. फोन कापायचा नाही. घरात कुणाला सांगितलंत, तर त्यालाही उचलू."

पोलीस फोनवर कुणाला अटक करत नाहीत, असा फोन आला की सरळ कापायचा, हे तिनं स्वतः बायकांच्या बैठकीत सांगितलं होतं. तरी तिनं उठून दार लावलं. तो आधार नंबर विचारू लागला, मग बँकेचं नाव. आणि दोन वाक्यांच्या मध्ये तिला तो आवाज ऐकू आला. टाळ्याला जीभ लावून केलेला, टक्.

रितेशची लहानपणापासूनची खोड. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची.

"रितेश?" ती हळूच म्हणाली.

तो थांबला. त्याच्या मागे माणसंच माणसं बोलत होती, कुणी हिंदीत, कुणी आणखी कुठल्या भाषेत, आणि सगळी दरडावत होती. मग रितेश आधीपेक्षाही मोठ्यानं ओरडला. दरारा साहेबाचाच, पण शब्द वाडीतले.

"ओंकारला धाडू नको! ऐकतेस ना गो! कोंडून घातलंय आमाला! पासपोर्ट काढून घेतलेत! घरी बोलताना मराठी समजणारा बाजूला बसतो! इथं मराठी कुणाला कळत नाय, नुसता आवाज चढवलाय का तेवढंच बघतात, म्हणून मुद्दाम तुझा नंबर लावला! माझ्या आयला सांग..."

कुणीतरी जवळ येऊन काहीतरी विचारलं. फोन बंद झाला.

स्नेहलनं सांगितलं ते ओंकारला पटेना. त्यानं तिच्यासमोरच एजंटला फोन लावला. एजंट हसला. "अरे, हे फ्रॉडवाले कुणाचाही आवाज काढतात. तुझी बहीण घाबरली असेल." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "पण काय काय बोलला तो? कुठल्या नंबरवरून? नीट आठवून सांग."

ओंकारनं फोन कापला. तो बहिणीकडे वळला. "फ्रॉड असेल तर ह्याला एवढी चौकशी कशाला हवी?"

सुंदराबाईला घेऊन दोघं पोलीस ठाण्यात गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. महाडला पोलीस पोचले तोवर एजंटच्या ऑफिसला कुलूप होतं. ओंकारनं तिकीट फाडलं आणि आणखी कोण कोण जाणार होतं, त्यांची घरं विचारत खोऱ्यात फिरला. त्यातले दोघं जायचे थांबले. एक जण आधीच निघून गेला होता.

रविवारी सुंदराबाई सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली. स्नेहल तिच्या बाजूला. कॉल आला, पण समोर रितेश नव्हता. भांग पाडलेला, कधी न पाहिलेला एक पोरगा हसत होता.

"काकी, मी रितेशचा मित्र. तो कामात हाय."

"कुठं हाय तो? मला दाखव त्याला," सुंदराबाई म्हणाली.

"दाखवतो ना," पोरगा गोड आवाजात म्हणाला. "आधी सांगा, तो तुमच्याकडं कुणाशी बोलला?"

स्नेहलनं फोन कापायला हात पुढं केला. सुंदराबाई काही फोन सोडेना.