एक घास कमी असलेला नान

मित्रांनो, एर्मेकला तुरुंगात टाकल्याची बातमी गावात आली, त्याच दिवशी मला भिंतीवरून उतरवायला एक हात पुढे आला. तो हात त्याच्या वडिलांचा होता.

मी एक जुना, वाळून खडखडीत झालेला नान आहे. एर्मेकच्या आईने, बुरमाने, मला तंदूरमध्ये भाजले. फौजेत निघालेल्या पोराने नानाचा एक घास खायचा आणि उरलेला नान त्याची वाट पाहत भिंतीवर टांगायचा, अशी आमच्याकडची रीत. परत आला की त्यानेच तो संपवायचा. एर्मेक माझा घास खाऊन फौजेत गेला, त्याच हिवाळ्यात बुरमा वारली. तिच्या हातचे दुसरे काही घरात उरले नाही. सुरुवातीला येणारे-जाणारे माझे कौतुक करायचे. पुढे कोणी बघेनासे झाले. माझ्यावर धूळ बसली.

मग राजधानीत एका कर्नलने हुकूम दिला: संसदेत शिरा, सभासदांना पकडा, आडवे येतील त्यांच्यावर गोळ्या झाडा. एर्मेकने आणि त्याच्या साथीदारांनी बंदुका खाली ठेवल्या, म्हणून त्यांना तुरुंगात टाकले.

शेजारचा तुर्दुबाय कुंपणावरून ओरडला, "काय सार्जंट, बंदूक धरून पोराचे हात दुखले का?"

एर्मेकच्या वडिलांचे, सापारबेकचे, सगळे आयुष्य फौजेत गेलेले. तो तरातरा घरात आला. "हुकूम म्हणजे हुकूम! असल्याचा नान माझ्या भिंतीवर नको. गाईला घाल."

त्याची मुलगी नुरिला आडवी आली. "हात लावू नका, बाबा! शपथेच्या दिवशी तुम्ही पुढच्याच रांगेत होतात. कोणाची शपथ घेतली त्यानं? कर्नलची?"

"राज्यघटनेची," तो पुटपुटला.

"मग ती मोडली कोणी?"

सापारबेक माझ्याजवळ आला. मग बाहीने त्याने माझी धूळ पुसली, जुना गणवेश चढवला आणि राजधानीची बस पकडली. खटला संपेपर्यंत तो न्यायालयात पोराच्या मागच्या बाकावर ताठ बसून होता.

घटना मोडणारा हुकूम सैनिकाने पाळायचा नसतो, असा निकाल लागला. सगळे सुटले!

गाव रस्त्यावर लोटले. तुर्दुबायने स्वतःची मेंढी आणली. "हात दुखले म्हणालो होतो ना? आता माझंच तोंड दुखतंय. घे, काप!"

एर्मेकने मला गरम चहात बुडवले आणि आपल्याच दातांच्या खुणेपासून खायला सुरुवात केली. पुढचा तुकडा त्याने वडिलांना दिला. सापारबेक चावत राहिला. उरलेला मी अजून ताटलीत आहे.

मित्रांनो, शपथ घ्याल तेव्हा ती कोणाची आहे, हे नीट ऐका. ती जपा.

तो कर्नल अजून मोकळा आहे. त्याच्यावर खटला भरायचा राहिला आहे.