समोरची बाजू

१९८२ सालच्या हिवाळ्यात, एका बुधवारी दुपारी, ती गुरुजींच्या घोट्याला पट्टी बांधत होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे मलमपट्टीचे काम ओघानेच तिच्याकडे आले होते. गुरुजी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या ज्यू प्रार्थनाघराचे रब्बी. वय ऐंशीच्या पुढे, आणि जिन्यावरून पडण्याची ही त्या हिवाळ्यातली दुसरी खेप.

"घट्ट बांधलीस."

"सैल बांधली तर सूज उतरत नाही."

"आणि घट्ट बांधली तर रक्त फिरत नाही. नुकसान कशात जास्त?"

"जिना उतरण्यात."

ते हसले. "वकीलसाहेब," म्हणाले. ती अकरा वर्षांची होती तेव्हापासून ते तिला असेच म्हणत.

अकरा वर्षांची असताना ती आईबरोबर इथे पहिल्यांदा आली. आई शिवणकाम करायची. पवित्र ग्रंथांच्या कपाटापुढचा पडदा उसवला होता आणि आई जमिनीवर मांडी घालून तो शिवत होती. गुरुजींनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरीला विचारले, शेजाऱ्याची शिडी उसनी आणली आणि ती वाऱ्याने पडून मोडली, तर नवी कोणी आणून द्यायची? ज्याने नेली त्याने, ती म्हणाली. का, वारा काय त्याने आणला होता? पण भिंतीला नीट टेकवायचे काम तर त्याचे होते ना? आईचा शेवटचा टाका पडेपर्यंत दोघे भांडत होते. तोवर तिला कोणी काही विचारलेच, तर भांडी झाली का, एवढेच विचारले होते.

त्यानंतर ती दर बुधवारी येऊ लागली. मुलीच्या जातीला हे शिकवून काय करायचे, म्हणून काही मंडळी कुरकुरली. गुरुजींनी त्यांना समोर बसून वाद घालायला बोलावले. कोणी फिरकले नाही.

त्यांची शिकवण्याची एकच रीत होती. दोघांना समोरासमोर बसवायचे आणि वाद चांगला तापला की टेबलावर बोटे वाजवून म्हणायचे, "जागा बदला." मग उठून दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचे आणि आतापर्यंत जे खोडून काढत होतो तेच जीव तोडून मांडायचे. जागा बदलल्यावरही जी बाजू टिकेल ती खरी, आणि तिच्याप्रमाणे वागायचे. तिथे हात राखून बोललेले त्यांना चालत नसे. एखादा मुद्दा सुचूनही कोणी गिळला, तर त्यांना ते चेहऱ्यावरून कळे. त्या पोराला ते दप्तर उचलून घरी जायला लावत. बाकी त्यांनी कोणाला कसली शिक्षा केलेली तिला आठवत नव्हती.

पट्टी बांधून ती हात धुवायला बाहेरच्या नळावर गेली. तिथे गुरुजींचा मुलगा उभा होता. त्याचे दुसऱ्या गावात चष्म्याचे दुकान होते. तो सकाळच्या गाडीने आला होता.

"ताई, काढलास विषय?"

"अजून नाही."

"तळमजल्यावरची खोली रिकामी केलीये. पलंग उन्हाकडे घेतलाय. आता काय बँड लावून नेऊ त्यांना?"

"माझं ते कधी ऐकतात? नुसते भांडतात माझ्याशी."

"तेच म्हणतोय मी. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत. मी तोंड उघडलं की चष्मा पुसायला घेतात. चष्माही मीच दिलेला." त्याने गळका नळ घट्ट पिळला. "परत पडले तर उचलणार कोण, सांग. मावशी? तिलाच दोघांनी उचलावं लागेल."

मावशी खाली प्रार्थनाघर झाडायची. तिला ऐकू कमी येई आणि गुडघे तर कधीच गेले होते.

ती ओले हात पदराला पुसत राहिली. घरी नवरा अंथरुणाला खिळून होता. दुकानातली अर्धी रजा दर बुधवारी मालकाच्या कपाळावर आठी उमटवत होती. इथे यायला दोन बस लागत. गेल्या बुधवारी ती दांडीला धरून उभ्याउभ्या झोपली होती आणि तिचा थांबा मागे गेला होता.

"बोलते आज," ती म्हणाली.

गुरुजी खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत होते. ती समोरच्या स्टुलावर बसली. "तुम्ही मुलाकडे राहायला जावं, असं मला वाटतं."

त्यांनी मान डोलावली, जणू ती कुठल्याशा ग्रंथातला उतारा घेऊन आली होती. "मांड."

तिने मांडले. जिना, थंडी, गळके छप्पर, दुखरा पाय. त्यांनी एकेक खोडले. जिना हळू उतरता येतो. थंडी काय, तिकडेही पडते. छप्पर गळते ते कोपऱ्यात, आणि ते काही कोपऱ्यात झोपत नाहीत. पाऊण तास झाला असेल. त्यांच्या गालांवर रंग आला होता. कित्येक महिन्यांत तिने त्यांना इतके खुशीत पाहिले नव्हते.

मग त्यांनी टेबलावर बोटे वाजवली. "जागा बदला."

"गुरुजी, पाय..."

"पाय माझा आहे. ऊठ."

ते लंगडत स्टुलावर येऊन बसले. ती त्यांच्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून उबदार होती.

"हा म्हातारा इथे बसलाय कशाला?" गुरुजींनी सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला. "सामूहिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात. शेवटचे दहा कधी जमले ते त्यालाच आठवत नाही. विद्यार्थी होते, ते कोणी परगावी गेले, कोणी मातीत. मावशी झाडते त्या बाकांवर धूळ बसते, माणूस बसत नाही. दार वाजलं तर कोणीतरी उघडायला हवं, म्हणतो हा. वाजतं कुठे? नुसतं दार राखत बसायचं, याला हट्ट म्हणतात, धर्म नाही. बोल. कोण येतं इथे?"

उत्तर तिच्या जिभेवर होते. दोनच शब्दांचे. मी येते.

आणि त्यापुढचा त्यांचा प्रश्नही तिला ठाऊक होता. किती दिवस येशील? त्या खुर्चीत बसून जे बोलू ते पाळावे लागते.

तिच्या बोटांना मलमाचा वास येत होता. खाली मावशी बाक सरकवत होती.

"आणखी काही?" त्यांनी विचारले. आणि थांबले. प्रश्न विचारला की ते नेहमीच थांबत, पण इतका वेळ नाही.

"नाही," ती म्हणाली.

ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आता म्हणतील, दप्तर उचल. ती वाट पाहत होती. म्हणाले असते तर तिला बरे वाटले असते.

"मग ठरलं," ते म्हणाले, आणि दाराकडे वळून त्यांनी मुलाला हाक मारली. "माळ्यावरची पेटी काढ रे."

जिना उतरताना मुलाचे डोळे भरून आले होते. "जिंकलीस, ताई," तो म्हणाला.

गुरुजी मुलाकडे पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत राहिले. ती एकदा गाडीने जाऊन भेटून आली. तळमजल्यावरच्या खोलीत ऊन होते, त्यांचा सदरा इस्त्रीचा होता, घोटा बरा झाला होता. जाताना तिने वादाला एक विषय नेला होता. मुद्दाम चुकीची बाजू घेतली, एखाद्या नवख्या पोरानेही सहज खोडून काढावी अशी.

"तुझं बरोबर आहे," गुरुजी म्हणाले, आणि परतीच्या गाडीत बसायला जागा मिळेल ना, असे त्यांनी विचारले.

मुलगा तिला स्टेशनवर सोडायला आला. "किती शांत झालेत, बघितलंस ना? आता कशालाच नाही म्हणत नाहीत." वडील गेल्यावर काही वर्षांनी त्याने दुकान विकले आणि तो आपल्या मुलांच्या मागे परदेशी गेला. प्रार्थनाघर एका फर्निचरवाल्याने गोदाम म्हणून भाड्याने घेतले. किल्ल्या मावशीकडेच होत्या, म्हणून त्याने मावशीलाही ठेवून घेतले. शेवटपर्यंत मावशी तिथली विकायची कपाटे पुसत होती. अंथरुणाला खिळलेला तिचा नवरा, गुरुजी मुलाकडे गेले त्याच हिवाळ्याच्या शेवटी वारला होता.

बुधवारची अर्धी रजा तिने पुढेही घेतली. कोणी अडवले नाही. आधीच्या बुधवारांतले कितीतरी तिला आजही सांगता येतात, वाद कशावर होता, कोणती बाजू टिकली. नंतरच्या बुधवारांतला एकही आठवत नाही.