दिवा धरणारी

डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता तुम्ही?" आणि बायकोने बिनधास्त सांगून टाकलं, "दिवा धरते."

डॉक्टर हसले. शेजारच्या खुर्चीतला तिचा नवरा मात्र चोरासारखा बसून राहिला. तिने एकतीस वर्षं दिवा धरला होता, हे काही खोटं नव्हतं. तो चित्रकार. चित्रात बारा आणे अंधार आणि चार आणे उजेड, म्हणून गल्लीने त्याचं नाव काळोखेमास्तर पाडलेलं. भर दुपारी खोलीला काळे पडदे लावायचे, समोर कुणी म्हातारा न्हावी नाहीतर चांभार बसवायचा आणि एका बाजूने झोत सोडायचा. अर्धा चेहरा उजळायचा, अर्धा सावलीत बुडायचा. तो झोत बायकोच्या हातात. "जरा वर. अगं, वर म्हणजे छताला नव्हे! आता डावीकडे. हां, हलू नकोस." तासन्‌तास हेच.

आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरायचे तर मान खाली घालून डोकंच हाताशी न्यावं लागे.

"सांधा पार आखडलाय," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यासारखा व्हायचा नाही. पण काय हो, दिवा स्टँडवर का नाही लावला?"

"स्टँडचा उजेड मेलेला असतो," ती म्हणाली, अगदी नवऱ्याच्या सुरात. "हातातला उजेड श्वास घेतो. म्हणून सावली जिवंत राहते."

वाक्य त्याचंच होतं. भाषणांत त्याने ते इतक्यांदा फेकलं होतं की लोक वहीत उतरवून घेत. खरी गोष्ट फार साधी होती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात स्टँडचा स्क्रू ढिला झाला. दर दोन मिनिटांनी उठून दिवा सावरायचा त्याला कंटाळा आला. बायको तिथेच भाजी निवडत बसली होती. "जरा धर गं," तो म्हणाला, आणि तिने धरला. पुढे कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा आपल्या आळसाला त्याने तत्त्वाचा झगा चढवला. टाळ्या पडल्या, मग त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

घरी आल्या आल्या तो माळ्यावर चढला. स्टँड काढलं, धूळ पुसली, स्क्रू आवळला. दोन मिनिटंही लागली नाहीत. पडदे ओढून त्याने दिवा त्यावर चढवला आणि समोर रिकामी खुर्ची ठेवली. भिंतीवर सावली पडली. मेलीबिली काही नव्हती. एकतीस वर्षं जशी पडत होती तशीच पडली.

लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पाणी प्यायला आत गेली होती. तिला हाक मारून त्याने सगळं सांगितलं, स्क्रूसकट.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"स्टँड माळ्यावर टाकलं कुणी? मीच ना! एरवी तुम्ही दिवसभर रंगात डोकं घालून बसायचात. दिवा धरला की तेवढा वेळ माझ्याकडे बघायचात. मला ते बरं वाटायचं."

त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. एवढ्या चित्रांत ती कुठेच नव्हती, हेही त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"बस त्या खुर्चीत," तो म्हणाला. "आज तुझं चित्र."

"अगंबाई! माझं? थांबा, तोंड तरी धुते."

"नको. अशीच बस."

ती बसली, दुखरा हात मांडीवर ठेवून. त्याने कोळशाची कांडी उचलली, नेहमीप्रमाणे आधी डोळे मिटले आणि चेहरा मनात आणायला गेला. न्हावी आला. चांभार आला, त्याच्या कानामागच्या व्रणासकट. ती येईना. डाव्या गालावर तीळ आहे की उजव्या? भुवया जुळलेल्या की सुट्या? एकतीस वर्षं तो तिच्या दिशेने बघत होता, पण बघत होता तो दिवा.

त्याने डोळे उघडले. समोर एक पिकल्या केसांची बाई बसली होती, कौतुकाने हसत. कांडी कागदावर टेकेना.

"काय झालं?" तिने विचारलं. "उजेड कमी पडतोय का? धरू का दिवा?"