अंगावरचं दूध

"ही पुडी कुणी दिली?" दगडाबाईने बाजेखालचा कागद उलगडून नाकाशी नेला.

"वैदूनं," केशरबाई म्हणाली. "बाळंत हून आठ दिस झाले, सुनेचं पोट साफ न्हाई. जमालगोटा हाय. एका घोटात मोकळी व्हईल."

तिची सून अंजना बाजेवर कुशीवर पडली होती, अंगाशी आठ दिवसांची मुलगी. छातीत जळजळतं म्हणून सासूने सकाळपासून दोनदा पापडखाराचं पाणी पाजलं होतं. तिचा नवरा बिभीषण मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेला. मानमोडीच्या तापाच्या साथीत सिरसाळ्यातले जाणते वैद्य दगावले होते, आणि निजाम सरकारचा दवाखाना बीडला, गाडीने दोन दिवसांची वाट.

दगडाबाई सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. एरवी ती कुणाच्या घरात शब्द वाढवत नसे. आज मात्र तिने ती पुडी स्वतःच्या पदराला बांधली.

"बांधली कावून?"

"हिला द्यायची न्हाई. पोरगी अंगावर पिती हिच्या."

"दवा आईच्या पोटात जाती. पोरीला काय व्हतंय?"

"आईच्या पोटातलं दुधात उतरतं, केशरबाई."

"तुला काय ठावं? तुला ना लेकरू, ना बाळ."

दगडाबाई भिंतीला टेकून खाली बसली. गाव तिला वांझ समजत होतं आणि बावीस वर्षं तिने समजू दिलं होतं.

"मला लेक झालती," ती म्हणाली. "सासरी, तेलगावला. असंच पोट धरलं व्हतं. मलाबी जमालगोटाच दिला. दिसभर परसाकडं जात व्हते, मधी मधी तिला पाजीत व्हते. सांजेला तिलाबी जुलाब लागले. दोन दिस टिकली." तिने पदराची गाठ चाचपली. "त्यानंच गेली का, ते कुणाला सांगता आलं न्हाई. दादला म्हणला, तुझं दूधच इखारी. सवत आणली. मग मी हिकडं आले."

अंजनाने मुलीला जवळ ओढलं.

दगडाबाईने पापडखाराचा डबा फळीवर ठेवला. "चिमूटभर कधीमधी ठीक. हे असं पेल्यानं न्हाई." तिखट बंद केलं, मऊ भात शिजवला. भिजवलेल्या मनुका, कोमट पाण्यात तूप, आणि वाण्याच्या दुकानातला इसबगोल, वर पोटभर पाणी. दोन दिवस ती तिथेच बसून होती. तिसऱ्या सकाळी अंजना परसातून आली आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली. मुलगी पिऊन निवांत झोपली होती.

बारशाला अख्ख्या गल्लीला बोलावणं गेलं. दगडाबाईला आलं नाही. "जिच्या दुधानं लेकरू गेलं, तिची सावली नको," असं केशरबाई म्हणाल्याचं तिला विहिरीवर कळलं. तिने घागर भरली आणि घरी आली. दुपारी पाळण्याची गाणी तिच्या अंगणापर्यंत ऐकू येत होती. ती ज्वारी निवडत बसली. निवडून झालेली पुन्हा एकदा निवडली.

महिन्याभराने पलीकडच्या वस्तीवर एक बाई अडली, म्हणून ती त्याच गल्लीतून निघाली. अंजना उंबऱ्यात बसून मुलीला पाजत होती. आत केशरबाईचा आवाज येत होता. आताशा दगडाबाई दिसली, की बायका लेकरावर पदर ओढून घेत. तिला सवय झाली होती. तिने आपणच मान वळवली.

अंजनाने पदर ओढला नाही. उलट होता तोही जरा बाजूला सारला आणि दगडाबाईकडे बघत तशीच पाजत राहिली.

दगडाबाई क्षणभर उभी राहिली. मग वस्तीच्या वाटेला लागली.